कॅमेरा कुणाच्या हातात?

आम्ही ट्रॉम्बेहून बोलतोय. ट्रॉम्बे म्हणजे मुंबईचं पूर्वेकडचं टोक. एका अंगाला ठाण्याची खाडी, मागे डोंगर, डोंगरापलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि खाडीकाठाला कोळीवाडा. पत्ता मुंबईचा असला तरी आमच्याकडे जाळी उन्हात पडलेली असतात, जवळा वाळत असतो आणि दुपारी बायका ओट्यावर बसून मासळी निवडतात. तुमच्या गावापेक्षा फार वेगळं नाही.

दर वेळी आपण कर्ज, व्याज, हप्ता, बँकेचे कागद यावर बोलतो. आज आम्ही कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहोत. हसू नका. हाही विषय गटाचाच आहे, कसा ते पुढे सांगतो.

आधी एक काम करा. घरातले फोटो आठवा. भिंतीवरचे, कपाटातल्या अल्बममधले, पेटीच्या तळाशी ठेवलेले. त्यात तुमचे किती आहेत? लग्नातले सोडून द्या, कागदपत्रांसाठी काढलेले सोडून द्या. तुम्ही तुमचं रोजचं काम करताय, भात लावताय, पापड लाटताय, मासळी विकताय, असा एक तरी फोटो आहे का? आणि घरातल्या सगळ्या फोटोंपैकी तुम्ही स्वतः काढलेले किती? आमच्या गटात हा प्रश्न विचारला, तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

असं का झालं, ते कॅमेऱ्याच्या गोष्टीतच सापडतं.

फोटो काढण्याची कला जगापुढे आली 1839 साली, फ्रान्समध्ये. मुंबईत ती लवकरच पोचली. 1854 साली तर मुंबईत फोटोग्राफीची संस्थासुद्धा निघाली. तिच्यात साहेब लोक होते, तसे आपलेही काही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं संग्रहालय त्यांच्या नावाचं आहे. त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हेही डॉक्टर होते आणि त्या संस्थेतले जाणते फोटोग्राफर होते. पण तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी आणि तिपाई. काचेवर औषध लावायचं, ती काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात नेऊन धुवायची. समोरच्या माणसानं तोवर हलायचं नाही. ज्याच्याकडे पैसा, मोकळा वेळ आणि मदतीला माणसं, त्याचाच तो छंद. घरकाम करणाऱ्या बाईचा त्याच्याशी काय संबंध येणार?

1888 मध्ये अमेरिकेत कोडॅक नावाचा छोटा कॅमेरा आला. त्यात 100 फोटोंचा रोळ आधीच भरलेला असे. फोटो संपले की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा, ते फोटो धुऊन, नवा रोळ भरून परत देत. 1900 मध्ये ब्राउनी नावाचा पेटीसारखा कॅमेरा निघाला, त्याची किंमत एक डॉलर. तिथून पुढे फोटो काढायला शास्त्रज्ञ असण्याची गरज राहिली नाही, आणि मग कितीतरी बायका यात आल्या.

सिनेमावाले बिमल रॉय तुम्हाला माहीत असतील, ‘दो बिघा जमीन’वाले. त्यांच्या पत्नी मनोबीना आणि मनोबीनांची जुळी बहीण देबलीना, या दोघींना बाराव्या वाढदिवसाला वडिलांनी साधे पेटी कॅमेरे दिले. वडिलांना स्वतःला फोटोचा नाद होता. दोघींनी तो छंद आयुष्यभर जपला. मनोबीना लग्नानंतर मुंबईत राहिल्या, संसार केला आणि फोटो काढत राहिल्या. एका बापानं मुलींच्या हातात कॅमेरा दिला, एवढ्यानं हे घडलं.

दुसरी बाई त्याहून मोठी. होमाई व्यारावाला. आपल्या देशातली पहिली महिला वृत्तपत्र छायाचित्रकार. जन्म 1913 चा, नवसारीच्या पारशी घरातला. वडील नाटक कंपनीत नट. शिक्षण मुंबईत झालं. मुंबई विद्यापीठात शिकल्या, जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. फोटो काढायला त्यांना शिकवलं माणेकशा व्यारावाला यांनी, पुढे त्यांच्याशीच लग्न झालं. 1938 साली मुंबईतल्या बायकांच्या एका क्लबची सहल निघाली होती. होमाईंनी तिचे फोटो काढले, ते ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आले आणि एका फोटोचा एक रुपया मिळाला. म्हणजे त्यांची पहिली कमाईसुद्धा चार बायका एकत्र जमल्याच्या फोटोंची होती. बचत गटवाल्यांनी हे लक्षात ठेवावं!

पण पुढचं ऐका. त्यांचे सुरुवातीचे बरेच फोटो साप्ताहिकात माणेकशांच्या नावानं छापले गेले. होमाईंना कुणी ओळखत नव्हतं आणि त्या बाई होत्या. काम तिचं, नाव त्याचं. शेतात राबायचं आपण आणि सातबारा नवऱ्याच्या नावावर, हे आपल्याला काही नवीन नाही.

1942 मध्ये होमाई दिल्लीला गेल्या आणि सरकारी माहिती खात्यात कामाला लागल्या. साडी नेसून, सायकलवर सामान लादून दिल्लीभर फिरायच्या. स्वातंत्र्याचं झेंडावंदन, माउंटबॅटन यांचा निरोप, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरूंचे कितीतरी फोटो त्यांनी घेतले. त्यांचं टोपणनाव होतं ‘डालडा 13’. तुपाचा काही संबंध नाही. त्यांच्या गाडीचा नंबर डीएलडी 13 होता आणि जन्मसालही 13, म्हणून तसं नाव घेतलं.

आता त्यांचे कॅमेरे कसे होते ते सांगतो, कारण त्यात आपल्याला शिकण्यासारखं आहे. एक होता रोलिफ्लेक्स. हा डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. काचेत डावं उजवीकडे दिसतं आणि उजवं डावीकडे. एका रोळात 12 फोटो. दुसरा स्पीड ग्राफिक. हा जड, दोन्ही हातांनी धरायचा. त्यात रोळही नाही, फिल्मचा एकेक सुटा तुकडा. चौकटीच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. दोन फोटो झाले की चौकट काढून नवी घाला. फ्लॅशचा बल्ब तर एकदाच पेटायचा, दर फोटोला नवा. म्हणजे बटण दाबायच्या आधी विचार करावा लागे. होमाई थांबायच्या, बघायच्या, बरोबर क्षण आला की मगच दाबायच्या. आज आपण मोबाइलवर एका हळदीकुंकवाचे 200 फोटो काढतो आणि नंतर एकही धड बघत नाही. थांबून बघायची सवय त्या जुन्या कॅमेऱ्यांनी लावली होती.

1970 मध्ये त्यांनी काम थांबवलं. आदल्या वर्षी पती गेले होते आणि नव्या फोटोग्राफरांची वागणूकही त्यांना पटेनाशी झाली होती. पुढची कितीतरी वर्षं त्या बडोद्यात शांतपणे राहिल्या. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

हे झालं मोठ्या माणसांचं. आता आमच्या गटातल्या एका मावशींची गोष्ट. त्यांना फोटो काढायचा नाद आहे. तो लहानपणीच लागला. त्यांच्या वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री होता. तुमच्यापैकी वयानं मोठ्या असलेल्या बायांना तो आठवेल. काळा, चौकोनी, आपल्याच देशात बडोद्याला बनायचा. त्यावर उन्हाचं आणि ढगाचं चिन्ह असे. ऊन असेल तर उन्हावर करा, ढग असतील तर ढगावर, बस्स. रोळात 12 फोटो. ऊटीला सरकारी कारखाना होता, त्याची ‘इंदू’ नावाची काळीपांढरी फिल्म मिळायची. रोळ स्टुडिओत द्यायचा आणि वाट बघायची. मावशींना वडील एका सणाला एक फोटो काढू द्यायचे. वर्षाचे तीन-चार. त्या सांगतात, त्या एका फोटोसाठी त्या आठवडाभर ठरवत बसायच्या की कुणाचा काढायचा.

त्याच सुमाराला, 1976 साली, आमच्या भागात मोठी उलथापालथ झाली. अणुकेंद्राच्या शेजारची जनता कॉलनी उठवली आणि हजारो कुटुंबांना ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पमध्ये आणून टाकलं. त्याच वर्षी सरकारनं झोपड्यांची मोजणी केली आणि पात्र कुटुंबांना फोटोपास दिले. इथं राहण्याचा पुरावा म्हणजे तो फोटोपास. आमच्या भागातल्या कितीतरी बायांचा आयुष्यातला पहिला फोटो तोच. डोक्यावर पदर, नजर घाबरलेली, पाठीमागे काहीतरी कापड टांगलेलं. तो फोटो त्यांनी हौसेनं काढला नव्हता, सरकारला दाखवायला काढला होता. तरी पुढे चाळीस वर्षं त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पावसापाण्यातून जपला. फोटोची किंमत त्या बायांना कुणी शिकवावी लागली नाही.

मावशींचं लग्न झालं, मुलं झाली, आणि कॅमेरा वीसएक वर्षं सुटला. पुढे भिशीचा नंबर लागला तेव्हा त्यांनी कोडॅकचा केबी टेन घेतला. घरचे म्हणाले, कुकर घे, मिक्सर घे. त्यांनी कॅमेरा घेतला. तो अगदी साधा. फ्लॅश आत बसवलेला, रंगीत रोळ, 36 फोटो. आता सणाची वाट बघायची गरज नव्हती. त्या पहाटे जेटीवर जायच्या. होड्या, खाडीतले रोहित पक्षी, पाटी घेऊन निघालेल्या बाया. फक्त केंद्राच्या कुंपणाच्या बाजूला नाही, तिकडे फोटो काढायला मनाई आहे. रोळ धुऊन आला की फोटो ज्याचा त्याला देऊन टाकायच्या आणि निगेटिव्हच्या पट्ट्या स्वतःकडे बिस्किटाच्या डब्यात ठेवायच्या.

पुढे मुलानं त्यांना छोटा डिजिटल कॅमेरा आणून दिला. रोळ नाही, धुण्याचा खर्च नाही. डिजिटल कॅमेऱ्याचं मूळही ऐकण्यासारखं आहे. 1975 साली कोडॅक कंपनीतल्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनीअरनं पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. तो साडेतीन किलोच्या वर भरायचा, एक काळापांढरा फोटो कॅसेटवर साठवायला 23 सेकंद घ्यायचा. कंपनीनं त्याचं फारसं मनावर घेतलं नाही, कारण तिचा धंदा रोळवर चालत होता. शेवटी डिजिटल कॅमेऱ्यांनीच रोळ संपवला आणि 19 जानेवारी 2012 ला कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. योगायोग बघा, त्याच्या चारच दिवस आधी, 15 जानेवारीला, होमाई व्यारावाला वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेल्या.

मावशींनी त्या डिजिटल कॅमेऱ्यावर आठ-नऊ वर्षं फोटो काढले. सगळे कॉम्प्युटरमध्ये भरले. आणि आता मोबाइल आहे. मावशी म्हणतात, या मोबाइलचा कॅमेरा माझ्या आधीच्या तिन्ही कॅमेऱ्यांपेक्षा हुशार आहे, पण फोटो सांभाळायच्या बाबतीत क्लिक थ्री बरा होता.

त्या असं का म्हणतात, ते सांगतो. आमच्या कोळीवाड्यातली एक आजी दोन वर्षांपूर्वी गेली. सगळं आयुष्य तिनं पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकली. कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या. चार मुलं वाढवली, दोन मुलींची लग्नं केली. गट सुरू झाला तेव्हा पहिला हप्ता भरणारी तीच. तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. घरात शोधाशोध केली. मतदार ओळखपत्रावरचा काळवंडलेला फोटो आणि आधार कार्डावरचा. नातीच्या लग्नात एक होता, त्यात चेहरा अर्धा कुणाच्या तरी मागे. मुलगी रडायला लागली, म्हणाली, आई अशी दिसत नव्हती.

तेव्हा आम्ही मावशींकडे गेलो. डिजिटलच्या दिवसांतले आजीचे फोटो त्यांच्याकडे होते, पण तो कॉम्प्युटर केव्हाच बंद पडून भंगारात गेला होता. आठ-नऊ वर्षांचे फोटो त्याच्याबरोबर गेले. मग बिस्किटाचा डबा काढला. एकेक पट्टी खिडकीच्या उजेडात धरून बघितली. आणि एका पट्टीवर आजी सापडली. जेटीवर, डोक्यावर पाटी, एक हात कमरेवर, कुणाला तरी मोठ्यानं काहीतरी सांगताना. स्टुडिओत पट्टी नेली, मोठा फोटो करून आणला. आज तो त्यांच्या घरात आहे. मुलगी म्हणते, आता आईचा आवाज ऐकू येतो.

त्यानंतर गटाच्या बैठकीत आम्ही ठराव केला आणि तो वहीत लिहिला. गटातल्या प्रत्येक बाईचा, ती तिचं काम करताना, एक चांगला फोटो गटातल्याच दुसऱ्या बाईनं काढायचा. त्याच्या दोन प्रती कागदावर छापायच्या. एक तिला, एक गटाच्या फाइलला. मागे तिचं नाव, गावाचं नाव आणि तारीख लिहायची. आता आमच्या फाइलमध्ये 14 फोटो आहेत. शिवणयंत्रावर बसलेली, भाजीच्या गाडीवर उभी, अंगणवाडीत खिचडी वाढणारी, खाडीतून गुडघाभर चिखलात येणारी.

हे काम तुम्हीही करू शकता. मावशींनी आम्हाला जे शिकवलं ते तसंच सांगतो.

पहिलं, मोबाइलची काच पदरानं पुसा. हळदीचे, पिठाचे डाग असतात, फोटो धुरकट येतो.

दुसरं, उजेड बघा. जिचा फोटो काढायचा तिच्या तोंडावर उजेड हवा. ती खिडकीसमोर पाठ करून बसली तर चेहरा काळा येणार. दुपारच्या कडक उन्हात डोळ्यांखाली सावल्या पडतात, सकाळ-संध्याकाळ बरी.

तिसरं, दुरून बोटांनी ओढून मोठं करू नका. दोन पावलं पुढे जा.

चौथं, तिला ‘हस’ म्हणू नका. तिचं काम चालू दे. थोडं थांबा, होमाईबाईंसारखं. ती कामात रमली की मग काढा.

पाचवं, आधी विचारा. फोटो काढू का, कुणाला पाठवू का, दोन्ही विचारा. नको म्हणाली तर नको. आणि आधार कार्डाचे, बँक पासबुकाचे फोटो अनोळखी माणसाला पाठवू नका.

सहावं, मालाचा फोटो काढताना मागे स्वच्छ एकरंगी कापड धरा. पापड, लोणचं, सुकी मासळी, गोधडी, काहीही असो. वजन आणि भाव कागदावर लिहून बाजूला ठेवा. गिऱ्हाईक फोनवर भाव विचारत बसत नाही.

सातवं, व्हॉट्सअॅपवर नुसता पाठवलेला फोटो बारीक होतो. छापायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि महत्त्वाचे फोटो एकाच मोबाइलमध्ये ठेवू नका. वर्षाला निदान 10 फोटो कागदावर घ्या.

मैत्रिणींनो, आता फोटो नुसती हौस राहिलेली नाही. तुम्ही शेतकरी आहात, तर 2021 पासून ई-पीक पाहणीत उभ्या पिकाचा फोटो शेतातूनच मोबाइलवर चढवावा लागतो, तेव्हा पिकाची नोंद सातबाऱ्यावर येते. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी मोबाइलवर फोटो काढून लावतात. फोटो नीट गेला नाही, तर नोंद राहते, मजुरी अडकते. आणि हे सगळं घरातला मुलगा किंवा नवरा करून देईल म्हणून आपण बसलो, तर तो कामाला बाहेरगावी गेला की आपलं काम खोळंबलं. ज्या बाईला स्वतःच्या शेताचा फोटो स्वतः चढवता येतो, तिला तलाठ्याकडेही दोन शब्द जास्त धीटपणे बोलता येतात. हे आम्ही आमच्या गावाकडच्या नातेवाईक बायांमध्ये बघितलंय.

म्हणून म्हटलं, हा विषय गटाचाच आहे. नारायण दाजींच्या काळात कॅमेऱ्याला पैसा आणि नोकरचाकर लागायचे. होमाईंना शिकवणारा माणूस भेटला तेव्हा त्या शिकल्या. मावशींना भिशीच्या पैशांतून, घरच्यांची बोलणी खाऊन कॅमेरा घ्यावा लागला. आज तो तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या हातात किंवा घरात आहे. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो पुरुषाच्या खिशात असतो, तिथं आठवड्यातून एक तास तो मागून घ्या. गटात दोन जणींकडे चांगला मोबाइल असला तरी सगळ्या जणींचं काम भागतं.

पुढच्या बैठकीत एवढं करा. विषयपत्रिकेत कर्जवाटपाच्या खाली एक ओळ लिहा: फोटो. घरातली सगळ्यात म्हातारी बाई निवडा, सासू असो, आई असो, शेजारची आजी असो. तिचा काम करतानाचा फोटो काढा आणि महिन्याच्या आत छापून तिच्या हातात द्या. तिला तो बघता आला पाहिजे, ती असताना.

आमचं बोलणं इथं संपवतो. तुमच्या गटात कोणते फोटो निघाले, ते रेडिओ केंद्राला जरूर कळवा. नमस्कार.